परदेशी खोकी आणि काजूचं तेल

आमच्या आळीत कोणी माझा पत्ता विचारत आलं, की लोक सांगतात, "खोकीवाले सुर्वे ना? सरळ जा. जिथे दोन माणसं रिकामं खोकं काचेचं असल्यासारखं उतरवताना दिसतील, तेच घर." यात खोटं काही नाही. फक्त ‘रिकामं’ हा शब्द मला लागतो. त्यात स्पीकर असतात, आणि नसले तरी मी ते रिकामं मानत नाही. हा वाद मी आळीशी पंधरा वर्षं घालतोय आणि पंधरा वर्षं हरतोय.

धंदा आधी समजावून सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा छेडल्या तर नुसता डास गुणगुणल्याएवढा आवाज येतो. तिची वायर ॲम्प्लिफायरला जाते, तिथे आवाज मोठा होतो आणि मग एका लाकडी पेटीत बसवलेल्या स्पीकरमधून बाहेर पडतो. ही पेटी म्हणजे कॅबिनेट. तिला बटण नाही, दिवा नाही, विजेची पिन नाही. आत लाकूड, सरस, कागद आणि लोहचुंबक. पण सतारीचा भोपळा बदलला तर सतार तीच राहील का? तसंच हे आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वी परदेशात बनलेल्या कॅबिनेटचं लाकूड वाळून हलकं झालेलं असतं, स्पीकरचा कागद वाजून वाजून मऊ पडलेला असतो. त्यातून जो आवाज येतो तो आज बनवलेल्या पेटीतून येत नाही. त्या आवाजासाठी मुंबईचे, पुण्याचे, थेट शिलाँगचे वादक माझ्याकडे येतात. मी ही कॅबिनेट परदेशातून विकत घेतो, इथे आणतो, जिवंत ठेवतो आणि योग्य माणूस आला की देतो. सगळ्यांना देत नाही. लग्नाच्या वरातीत लावायला मागणाऱ्यांना चहा पाजून परत पाठवतो.

मूळचा मी मालवाहू बोटीवरचा इलेक्ट्रिशियन. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका बंदरात खलाशांसाठी जुनं विश्रामगृह होतं. ते बंद व्हायचं होतं, म्हणून सामान बाहेर काढून ठेवलं होतं. खुर्च्या, बिलियर्डच्या काठ्या, आणि भुरभुर पावसात भिजत असलेलं एक काळं कॅबिनेट. मला गिटारमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण मागची फळी उघडी होती आणि आतल्या वायरी ज्या कोणी जोडल्या होत्या त्याचा हात मला आवडला. इतकं नीटस काम पावसात भिजतंय हे काही बघवेना. मी ते खांद्यावर टाकून बोटीवर आणलं आणि पुढचे दोन महिने माझ्या केबिनमध्ये पाय दुमडून झोपलो, कारण पाय पसरायच्या जागी ते बसलं होतं. आमचे चीफ इंजिनियर म्हणाले होते, "सुर्वे, लोक बोटीवरून घड्याळं नेतात, अत्तरं नेतात. तू लाकूड नेतोयस. कोकणात लाकूड कमी पडलं का?"

निवृत्त झालो आणि तोच धंदा झाला. खरेदी घरी बसून, फोटो बघून होते. नवशिका विचारतो, "चालतं का?" मी विचारतो, "मागच्या स्क्रूंचा जवळून फोटो पाठवाल का?" स्क्रूच्या खाचा झिजलेल्या असतील, तर ती पेटी कोणीतरी बऱ्याचदा उघडली आहे आणि आतलं काहीतरी बदललं आहे, असं समजावं. खाचा कोऱ्या असतील तर आत पहिल्या कारागिराचंच काम आहे. हॉलंडमधल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला उलट लिहिलं होतं, की स्क्रू बघायला मागणारे तुम्ही पहिलेच. त्याने स्क्रूंचे आठ फोटो पाठवले, नवव्या फोटोत त्याची गाय होती. ते कॅबिनेट पाइन लाकडाचं, फार गुणी. ते मी कोणालाच दिलं नाही. पुढे त्याचं काम पडणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

माल बंदरात उतरला की दुसरी परीक्षा. एकदा कस्टमचे एक अधिकारी म्हणाले, "वाजवून दाखवा."

"साहेब, ते एकटं वाजत नाही."

"म्हणजे बिघडलंय."

"नाही साहेब, उत्तम आहे."

"उत्तम आहे आणि वाजत नाही. मग एवढ्या लांबून आणलंत कशाला?"

मी भोपळ्याचा दाखला देणार, इतक्यात त्यांनी स्वतःच बोटांच्या पेरांनी फळीवर टकटक केली. मग दुसऱ्या बाजूला केली. मग वाकून कान लावला. म्हणाले, "आमचे वडील तबला शिकवायचे." आणखी एकदा टकटक केली, "बोलतंय," म्हणाले आणि कागदावर सही केली. पंधरा वर्षांत माझा धंदा एका मिनिटात कळलेला तो एकच माणूस. नंतर त्यांची बदली झाली.

आता "हे सगळं रत्नागिरीत कशाला?" हा प्रश्न. माझं घर रत्नागिरीत आहे म्हणून, हे खरं उत्तर. इथली हवा कॅबिनेटची वैरी आहे. खारा वारा स्क्रू खातो, पावसाळ्यात स्पीकरच्या कागदाला बुरशी धरते, आणि हे सगळं टळलं तर वाळवी बसलेलीच आहे. जांभ्याच्या चिऱ्यांची एक खोली मी यासाठी राखली आहे. कॅबिनेट जमिनीपासून हातभर उंच फळ्यांवर असतात. खाली भाताचा तूस भरलेल्या गोणी आणि कळीच्या चुन्याच्या पराती, म्हणजे ओल त्या पितात. पावसाळाभर दोन पिवळे दिवे जळत असतात. आणि दर आठवड्याला प्रत्येक कॅबिनेट पाच मिनिटं तरी वाजवायचं. बंद राहिलेला कागद आखडतो, गुडघ्यासारखाच. मला गिटार येत नाही, म्हणून मी त्यातून आकाशवाणीच्या बातम्या ऐकतो. बाजारभाव इतक्या भारी आवाजात दुसऱ्या कोणी ऐकले नसतील.

या खोलीचं खरं यंत्र म्हणजे आमची ही, सुमन. तिला गिटारचं काही सोयरसुतक नाही, पण नाक असं, की दारातूनच म्हणते, "तिसऱ्या खोक्याला बुरशी येतेय." मी बॅटरी घेऊन बघतो, काही दिसत नाही. चार दिवसांनी तिसऱ्या खोक्याला बुरशी येते. आता मी बघत नाही, आधीच पुसतो.

तरीही एक कॅबिनेट गेलं. बाहेरून चढवलेलं रेक्झिन जसंच्या तसं, आणि उचलायला गेलो तर हातात नुसतं रेक्झिन आलं. आतली फळी वाळवीने खाऊन संपवली होती. त्या दिवशी मी जेवलो नाही. तेव्हापासून मातीची एक बारीक रेघ दिसली तरी मी सगळी खोली रिकामी करून तपासतो. पुढे जे झालं त्याला हे कारण म्हणून सांगत नाही, पण झालं ते या भीतीतूनच.

भाटकरकाका गणपतीनंतर आले. केळशीचे. घर मासेमारीचं, पण ते विशीच्या आत मुंबईला पळाले, तिथे गिटारवर हात पक्का केला आणि पुढे तीस वर्षं प्रवासी बोटींवरच्या बँडमध्ये वाजवत जगभर फिरले. लग्न केलं नाही. आता ऐंशीच्या घरात, गावी पुतण्याच्या घरी पडवीत एक खोली घेऊन राहतात. पुतण्याच्या टेम्पोतून त्यांनी आपलं कॅबिनेट आणलं होतं, होडीच्या जुन्या शिडात गुंडाळून. तरुणपणी कुठल्याशा इंग्रजी बंदरात सेकंडहँड घेतलेलं, दोन स्पीकरचं, पाइनच्या सबंध फळ्यांचं. मी शीड सोडलं आणि आधी मागे जाऊन वाकलो. मागच्या फळीच्या स्क्रूंना कोणाचा हात लागलेला नव्हता.

"खडखडतोय," काका म्हणाले. "तेवढा काढा. बाकी काय करायचा नाय. आवाज बदलायचा नाय."

मी म्हटलं, विकायचंय का? त्यांनी डावा कान माझ्याकडे केला, मग आठवून उजवा केला. मी पुन्हा विचारलं.

"विकायचा कशाला? सुर्वे, माझा एक कान गेला. दुसरा चाललाय. डॉक्टर म्हणतो, वर्षभर काढील. तो जायच्या आत ह्याचा आवाज मला डोक्यात भरून ठेवायचा हाय. रोज थोडा थोडा. एकदा भरला की मग कान मिटला तरी चालेल."

ते हे हिशेबी माणसासारखं, अगदी सरळ बोलले. सुमन चहा घेऊन आली होती, ती ट्रे धरून तशीच उभी राहिली. मी दिवाळीपर्यंत देतो म्हणून शब्द दिला.

खडखड दोन दिवसांत निघाली. एका कोपऱ्याचा सांधा सुटला होता, तो सरस लावून बसवला. जोडून वाजवलं आणि खरं सांगतो, त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपण गिटार शिकायला हवी होती. बातम्या सांगणारी बाई जणू शेजारी बसून मलाच सांगत होती.

आणि मग दिवा आत धरून शेवटचं बघताना खालच्या कोपऱ्यात दिसली, मातीची बारीक रेघ. वाळवी.

माझं डोकं फिरलं. दुकानातलं औषध फवारावं तर ते स्पीकरच्या कागदाला चालत नाही. त्यात पाइन मऊ, वाळवीचं आवडतं. मी उठलो आणि थेट बंदरावर बापू मेस्त्रीकडे गेलो. बापूचं सगळं आयुष्य होड्या बांधण्यात गेलं. लाकूड आणि कीड यांत त्याच्यापेक्षा जास्त जाणणारा माणूस मला माहीत नव्हता.

"वाळवी ना?" बापू म्हणाला. "काजूच्या टरफलाचा तेल मारा आतून. माज्या आज्यानं तेल मारलेली होडी अजून पाण्यात हाय. हात जपा फक्त, भाजतो."

काजूबीच्या टरफलातून निघणारं हे काळं, दाट तेल आमच्याकडे होड्यांना मारतात, घराच्या वाशांना मारतात. लहानपणापासून पाहिलेलं. त्याने लाकूड टिकतं याबद्दल आमच्याकडे कोणाला शंका नसते, मलाही नव्हती. मी डबा घेऊन आलो, स्पीकर काढले आणि आतून सगळ्या फळ्यांना दोन हात मारले. मागची फळीसुद्धा सोडली नाही. बोटांना फोड आले, त्याचंही समाधानच वाटलं. मी बापूला हे खोकं वाजतं एवढं सांगितलं नव्हतं. त्याने विचारलं नाही, आणि मला सुचलं नाही.

आठ दिवसांनी तेल सुकलं. स्पीकर बसवायला पेटी उचलली आणि तिथेच चरकलो. जड झाली होती. साठ वर्षं वाळलेलं मऊ लाकूड, त्याने ते तेल तहानेल्या माणसासारखं आतपर्यंत ओढून घेतलं होतं. जोडून वाजवलं. बातम्या सांगणारी बाई घोंगडी तोंडावर घेऊन बोलत होती.

पुढचे दहा दिवस मी काय काय केलं ते सांगायला लाज वाटते. उन्हात ठेवलं, तुसात पुरलं, पॉलिशपेपरने घासलं. घासलं की वरचं जायचं, आतलं तसंच. बापूकडे गेलो, तर तो माझ्याकडे बघतच राहिला. "वाजायचा खोका होता? मग आधी सांगायचात ना सुर्वे. ढोलकीला कोण तेल मारतो?"

जगात ही कॅबिनेट सांभाळणारे शेकडो लोक असतील. त्यांनी नाना चुका केल्या असतील. पण ही चूक करायला कोकणातच जन्मावं लागतं.

दिवाळी जवळ आली. फळ्यांवर हॉलंडचं ते गुणी कॅबिनेट बसलेलं होतं. काकांच्या खोक्याच्याच कारखान्याचं, त्याच मापाचं, तेच पाइन, तसंच काळं रेक्झिन. एका दुपारी मी काकांचे स्पीकर त्यात बसवले. त्यांची पुढची जाळी काढून त्याला लावली, त्यांचं झिजलेलं हँडलही लावलं. वाजवून पाहिलं. जवळजवळ तोच आवाज. आता हे त्यांचं नाही असं कोण म्हणेल?

सुमन दारात उभी होती. "त्यांना सांगणार आहात ना?"

"त्यांना एकाही कानाने धड ऐकू येत नाही," मी म्हटलं. "आवाज हवाय त्यांना, तो मिळतोय. उगाच दुखवायचं कशाला?"

ती आत निघून गेली. पण निघायच्या दिवशी टेम्पो दारात लागला, तेव्हा तिने ड्रायव्हरला सांगून ते तेल मारलेलं खोकंही आत चढवून घेतलं होतं. मी रागावून बघितलं. ती म्हणाली, "खोलीत वास मारतं. तुम्हाला वाटेल तिथे टाका." तिचं नाक चांगलं आहे हे मी मघाशी लिहिलंच आहे. तिला वास खोक्याचा येत नव्हता.

रत्नागिरीहून केळशी म्हणजे जयगडला एक फेरीबोट, दाभोळला दुसरी. दोन्ही वेळा मी टेम्पोतून उतरून कठड्याला उभा राहिलो. पहिल्या खाडीत ठरवलं, बोलायचं नाही. दुसऱ्या खाडीतही तेच ठरवलं, पण मघापेक्षा जोर कमी होता.

काका पडवीत वाट बघत बसले होते. अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. गिटार मांडीवर तयार. मी कॅबिनेट त्यांच्या खुर्चीजवळ ठेवलं, वायरी जोडल्या. त्यांनी हँडलवरून हात फिरवला. मग खुर्ची पुढे ओढली आणि उजवी पोटरी कॅबिनेटच्या बगलेला टेकवली. मला वाटलं, म्हातारपण, टेकू घेत असतील.

ते वाजवायला लागले. बोटं वयाच्या मानाने अजून हलकी होती. चालीचं नाव मला माहीत नाही, पण समुद्रावर संध्याकाळी बोट शांत चाललेली असते तेव्हा जे वाटतं, तसं काहीतरी होतं. पुतण्याची बायको हातातलं काम टाकून उंबऱ्यात येऊन बसली. मला वाटलं, सुटलो.

काका मध्येच थांबले.

"चांगला हाय," म्हणाले. "कोणाचा?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"बोट हलायची ना. तिथे हा खोका घसरायचा. तीस वर्षं ह्याला पोटरीनं दाबून धरलाय मी वाजवताना. त्याचा कंप मला इथे लागतो." त्यांनी पोटरीवर, घोट्याच्या जरा वर, बोट ठेवलं. "हा वर लागतोय. कान गेला सुर्वे, पाय नाय गेला."

मी खाली पायरीवर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. वाळवी, बापू, तेल, तूस, पॉलिशपेपर. जाळी आणि हँडल कसं चढवलं तेही. त्यांना ऐकू यावं म्हणून मोठ्याने सांगावं लागत होतं, त्यामुळे माझी अब्रू शेजारच्या दोन घरांत एकाच वेळी गेली. शेवटी म्हटलं, "काका, तुमच्याकडे वर्ष आहे, त्यातला महिना मी खाल्ला. आणि फसवायलाही आलो होतो."

त्यांनी गिटार मांडीवरून काढून भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "माझा कुठाय?"

ड्रायव्हरने आणि मी टेम्पोतून ते खोकं काढून त्यांच्यासमोर ठेवलं. स्पीकर नाहीत, जाळी नाही, हँडल नाही, मागची फळी सुटी. काकांनी पेरांनी फळीवर टकटक केली. कस्टमच्या साहेबांची मला आठवण झाली.

"मेला," काका म्हणाले.

"होय."

मग त्यांनी वाकून आत डोकं घातलं, बहुतेक तेल कुठवर मुरलंय ते बघायला. आणि बाहेर काढलंच नाही. मला वाटलं, चक्कर आली. मी पुढे झालो तर हाताने थांबवलं. थोड्या वेळाने डोकं वर केलं तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते.

"बाबांच्या होडीचा वास," म्हणाले. "दरवर्षी पाऊस सरला की हा तेल मारायला लागायचा. मी आणि बाबा. त्यांची बोटं निबर, त्यांना काय व्हायचा नाय. माझी भाजायची. मग महिनाभर तारेला बोट लावता येत नसे. एक वर्ष म्हटला, मी मारणार नाय. त्यांनी विचारला, मग काय करणार? म्हटला, वाजवणार. म्हणाले, मग जा वाजव. जड आवाजात बोलायचे ते. मी त्याच आठवड्यात गेलो."

"मग परत कधी?"

"ते वारले तेव्हा मी बोटीवर होतो. त्यांनी मला वाजवताना एकदा पण ऐकला नाय." त्यांनी माझा हात ओढून घेतला आणि बोटं उलटी करून बघितली. फोडांची कातडी अजून निघत होती. "तुमची पण भाजली," म्हणाले, आणि हात सोडला.

मी म्हटलं, काका, हॉलंडचं खोकं तुम्हीच ठेवा, तुमचे स्पीकर त्यात चांगले बोलतायत. ते म्हणाले, "वर्षभर ठेवतो. आवाज भरायचा हाय ना. ह्याचा आवाज आणि माझ्या जुन्याचा, फरक मला कळतो, पण डोक्यात भरताना मी तेवढा सुधारून घेईन." आणि तेलाचं खोकं? मी परत नेतो म्हटलं, तर त्यांनी ते खुर्चीच्या जागी ओढलं, उपडं केलं आणि वर बसले. तसेच बसून पुन्हा वाजवायला लागले. मी निघालो तरी ते वाजवतच होते.

केळशीहून निघण्यापूर्वी, ते वाजवत असताना, मी एक काम केलं होतं. तेल मारलेल्या त्या सुट्या मागच्या फळीच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला. त्यावर लिहिलं: ‘आतून काजूच्या टरफलाचं तेल दोन हात मारलं. लाकूड जड झालं, आवाज गेला. चूक माझी.’ खाली सही. तेव्हापासून माझ्या हातातून गेलेल्या प्रत्येक कॅबिनेटमध्ये असा कागद असतो, मी काय केलं ते सांगणारा. लोकांना वाटतं ही माझी शिस्त आहे. वादक मंडळी कौतुक करतात. ती कशी लागली ते आज पहिल्यांदा लिहितोय.

वर्ष नाही, चौदा महिने निघाले. मग पुतण्याचा फोन आला. काकांचा दुसरा कान मिटला होता, आणि त्यांचा निरोप होता, ‘सुर्वेना सांग, भरून झाला. तुमचा खोका घेऊन जा, माझे स्पीकर माझ्यात बसवून द्या.’

मी दोन्ही खाड्या ओलांडून गेलो. ते बारीक झाले होते, पण शर्ट इस्त्रीचाच. मी खुणेने विचारलं, आता स्पीकर कशाला? त्यांनी पोटरीवर थाप मारली.

स्पीकर, जाळी, हँडल, सगळं मूळ जागी बसवलं. मागची फळी लावण्याआधी एकदा वाजवून बघायचं असतं. काकांनी पोटरी टेकवली, डोळे मिटले आणि तीच पहिल्या दिवशीची चाल वाजवली. एकही सूर चुकला नाही. आवाज मात्र तेल मारल्यावरचाच होता, दाट, दबलेला.

थांबून त्यांनी मला विचारलं, "कसा येतो?"

आता खोटं बोललो असतो तर पोटरीलासुद्धा कळलं नसतं. मी पुतण्याने त्यांच्यासाठी आणून ठेवलेल्या पाटीवर लिहून दाखवलं, ‘जड येतो.’

त्यांनी वाचलं आणि मान हलवली. "येणारच," म्हणाले. "बाबांचा आवाज पण जडच होता."

मी मागची फळी उचलली. आतल्या बाजूला माझा कागद तसाच होता. त्याच्याखाली पेन्सिलने, नीट अक्षरात आणखी एक ओळ लिहिली होती. पुढे कधी कोणी ही पेटी दुरुस्तीला उघडेल, त्या माणसासाठी.

‘हे तेल कोणी काढू नये. – द. भाटकर.’

मी फळी बसवली आणि स्क्रू हातानेच आवळले, खाचा खराब होणार नाहीत अशा बेताने.